एक म्हणजे पहिला

गारखेड्यातल्या शाळेच्या शिक्षकखोलीत चहा घेता घेता सरिता मॅडमनी सहज विचारलं, "त्या प्रेरणाच्या फॉर्मात पाच म्हणजे पूर्ण सहमत होतं ना?"

गणिताचे पुंजाराम सर कप ओठांपाशी धरून थांबले. "पाच? एक नाय का?"

"एक म्हणजे अजिबात असहमत. वरच लिहिलेलं व्हतं की."

सरांनी वरचं वाचलंच नव्हतं. बावीस वर्षं ते पोरांना उदाहरण दोनदा वाचायला सांगत आले होते. पीएच.डी. करणाऱ्या प्रेरणानं गणित शिक्षकांच्या समजुतींविषयी चाळीस विधानं दिली होती. एक म्हणजे पहिला नंबर, असं धरून सरांनी 'प्रत्येक मूल गणित शिकू शकतं' यापुढे अभिमानानं एक लिहिला होता. 'छडीशिवाय गणित येत नाही' याला पाच.

"विद्यापीठात काय इज्जत राहिली आता माझी," म्हणत त्यांनी प्रेरणाला फोन लावला. "मॅडम, माझा फॉर्म जरा परत पाहिजे होता."

"दिलेली उत्तरं बदलता येत नाहीत, सर. उद्या तुमच्या तासाला येतेच मी."

दुसऱ्या दिवशी ती सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर वही उघडून बसली. सरांच्या हातातला खडू घामानं ओला झाला होता. आपण मारकुटे नाही हे दिसावं म्हणून ते सारखे हसत होते. सम्यकनं फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं.

"छान," सर म्हणाले. "आता मला सांग, दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त का कमी?"

"कमी, सर."

"मंग अर्ध्या भाकरीत भर घातली अन् भाकर घटली कशी?"

सम्यक डोकं खाजवत पुन्हा आकडेमोड करू लागला. सर हसतच उभे. शेवटी मेघाला राहवेना. "सर, आज तुम्ही रागवत कसे नाही? बदली झाली काय?"

तास संपताच प्रेरणा लगबगीनं आली. "सर, दोन वर्षं शोधतेय मी असा शिक्षक. कागदावर म्हणता छडीच पाहिजे, अन् वर्गात इतक्या मायेनं शिकवता. अख्खं प्रकरण लिहिते तुमच्यावर."

सरांना क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. पण प्रबंधात आपण कायमचे छडीवाले राहणार, हे काही सोसेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

प्रेरणाचा चेहरा उतरला. "असं तुमच्या एकट्याचंच झालं असंल ना, सर?"

"इचारून बघू."

शिक्षकखोलीत गणित शिकवणारे पाच जण होते. एक म्हणजे पहिला कुणी कुणी धरला, असं सरांनी विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. सरिता मॅडम सोडून सगळ्यांचे हात वर गेले.

प्रेरणा मिळेल त्या खुर्चीत बसली. जिल्ह्यातल्या एकशे चाळीस शिक्षकांचे फॉर्म तिनं भरून घेतले होते. गणित शिक्षकांचा मुलांवर विश्वासच नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष परवाच गाईडच्या सहीनं विद्यापीठाकडे गेला होता.

"सर," तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "हे बाहेर कुणाला बोलला तर नाहीत ना?"