शब्बीरमामूंची पाहुणी

आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्रयोगशाळा सेवक शब्बीरमामू दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेआधी चार दिवसांची रजा काढत. अर्जात कारण लिहीत, 'पाहुणी आणणे.' नव्या प्राचार्यांनी मुलाचं लग्न समजून त्यांचं अभिनंदन केलं. मामूंना मुलगाच नव्हता.

पाहुणी म्हणजे सरगॅसम, समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारं तपकिरी शेवाळ. ओहोटीला मामू रत्नागिरीच्या खडकांवरून ते काढत, ओल्या गोणपाटात गुंडाळत आणि एसटीनं औरंगाबादला आणत. सोबत समुद्राच्या पाण्याचा कॅन, कारण गोड्या पाण्यात ते सडतं. बसमध्ये या पाहुणीला सावलीची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी भांडत. आम्हाला दरडावत, "हात धुऊन लाव रे. तुझ्यापेक्षा लई लांबून आली ती."

मी पाचोडचा, घरातला पहिला पदवीपर्यंत पोचलेला. समुद्र पाहिला नव्हता. आम्हाला समुद्रातलं जे काही जिवंत दिसलं ते मामूंमुळे.

माझ्या शेवटच्या वर्षी दुष्काळ होता. शहरात कॉलेजभोवती नव्या कॉलन्या उठत होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पाचोडात तेही नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी औरंगाबादला जायला मी पाचोडच्या स्टँडवर उभा होतो. सोलापूरमार्गे आलेल्या बसमधून मामू उतरले आणि कॅनमधलं पाणी गोणपाटावर शिंपडू लागले. टँकरची वाट बघणाऱ्या बाया हंडे घेऊन भोवती जमल्या. त्यांतल्या एका म्हातारीनं कॅनला हात घातला.

"माणसं तहानली, अन् तू गवताला पाणी पाजतोस व्हय?"

मी मध्ये पडणार, तोच मामूंनी तिच्या ओंजळीत थोडं पाणी ओतलं. तिनं तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"एवढं पाणी अन् असं? मग कशाला वाहून आणलंस, बाबा?"

मामू म्हणाले, उद्या पोरांची परीक्षा आहे. म्हातारीनं बायांना मागं सारलं आणि गोणपाट स्वतः सावलीत ओढलं.

एवढ्यात एक बाई डबा घेऊन घाईनं आली. ती मामूंची मुलगी शबाना, पाचोडला दिलेली. मामूंनी डब्याकडे पाहिलंच नाही. गोणपाट उघडून तिच्यासमोर धरलं. तिनं एक फांदी उचलली, तिच्यावरचे हवेचे फुगे बोटानं दाबले.

"सरगॅसम, अब्बा. हर साल पूछते तुम."

बस सुटल्यावर मी शेजारी बसून विचारलं, तिला दरवर्षी का दाखवता, तेव्हा मामूंनी सांगितलं. शबाना आमच्याच कॉलेजात शिकली. परीक्षेत ओळखायला टेबलावर फॉर्मलिनच्या बाटलीतलं जुनं सरगॅसम ठेवलं होतं, वर्षानुवर्षं राहून पांढरं पडलेलं. तिनं लिहिलं, कसलं तरी मूळ. दुसरंही एक उत्तर चुकलं, आणि ती नापास झाली. पुढं लग्न ठरलं. ती परत परीक्षेला बसली नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली आणि मी पाचव्या टेबलाशी आलो. ट्रेमध्ये ते ओलं, तपकिरी, खाऱ्या वासाचं पडलं होतं. मी नाव लिहिलं. नंतर विचारून पाहिलं, त्या टेबलावर कुणीच चुकलं नव्हतं. मामू ट्रे धूत होते. मी त्यांना तसं सांगितलं.

त्यांनी ट्रे उपडा करून ठेवला.

"शबानाचंबी चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "तिला दिसलं तेच तिनं लिहिलं. ती बाटली टेबलावर मीच ठेवली होती रे."