भोयर सरांची पांढरी पोरं

भोयर सर कुणाला ‘कसा आहेस’ असं विचारत नाहीत. फाटकातूनच हाक येते, “काय गा, तुही पांढरी पोरं काय करून राहिली?” पांढरी पोरं म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. प्रताप नगरात आता याचं कुणाला नवल नाही. दूधवालासुद्धा मजेत आहेत म्हणून सांगतो आणि पुढे जातो.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांचा सूक्ष्मदर्शक व्हरांड्यात मांडलेलाच असतो. समोरच्या घरी साक्षगंध होतं. नवरदेव शिंकला मात्र, सरांनी त्याचं बोट टोचलं आणि मुलीच्या वडिलांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. पत्रिका पाहता, मग पेशी काहून पाहत नाही, असा त्यांचा सवाल. बघायला पाहुण्यांची रांग लागली, तिकडे जेवण थंड झालं. लग्न मात्र झालं.

अलीकडे त्यांना अँटिबायोटिकनं झपाटलं आहे. हे औषध फक्त जंतूंना मारतं असं आपण समजतो. पण काही औषधं आपल्या पेशींच्या कामातही हात घालतात. एखाद्यानं त्यांची जंतू गिळायची भूक मंदावते, एखाद्यानं त्यांचा उगाच चढलेला राग उतरतो. हे सांगताना सरांना खुर्चीत बसवत नाही. ते स्वतःच पेशी होतात, पडद्याला जंतू समजून मिठी मारतात. एकदा पडदा दांडीसकट अंगावर आला. व्याख्यान आतून चालूच होतं.

या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. माझी बायको वंदना गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात मी एकटा, आणि बरं व्हायची मला घाई नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरुवातीला घेतल्या, मग तशाच पडू दिल्या. सर आले, तेव्हा त्यांचंच शास्त्र त्यांना ऐकवलं. औषधानं पोरं दमत असतील तर ते नकोच.

सर तडक उठले. घरी जाऊन सूक्ष्मदर्शक उचलून घेऊन आले आणि माझ्या खिडकीशी ठेवला.

“पाह्य.”

मी डोळा लावला. गुलाबी पेशींच्या गर्दीत जांभळ्या ठिपक्यांची ती पोरं. ही काचपट्टी ओळखीची होती. नमुना म्हणून सर सगळ्यांना हीच दाखवतात.

“आमच्या कुसुमची हायेत,” ते म्हणाले. त्यांची बायको मी या गल्लीत येण्याआधीच वारली होती. “लय लढली गा. दवाखान्यात नेईपर्यंत एकटीच लढून राहिली होती. मीच म्हणत होतो, थांब, उतरते ताप.”

त्यांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

“दमली तर दमू दे. वरणभात मी आणतो. पण त्याईले एकटं नको सोडू.”

मी गोळी घेतली. सरांनी काचपट्टी काढून रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून हाक आली. पोरं काय करून राहिली?

“जेवून राहिली, सर,” मी म्हणालो.