लाल किल्ल्यातला पाट

अंथुर्ण्याचे आबा देवळात गेले की आधी मोरी बघायचे, मग देव. आमच्या उत्तरेच्या सहलीत ते भेटले. आम्ही पिंपळीचे, भाजीपाल्याची शेती. त्यांचा कालव्याखालचा ऊस. मथुरेला त्यांनी पुजाऱ्याला सांगितलं, "तीर्थ गटारात सोडू नगा. मागं चार केळी लावा." पुजाऱ्याला मराठी येत नव्हती म्हणून बरं. काशीला सगळे हात जोडून उभे, आणि हे म्हणतात, "एवढं पाणी चाललंय, अन् रानाला घ्यायची कुणाची पाळी न्हाय?"

शेवटचा मुक्काम दिल्ली. लाल किल्ल्यात माहिती सांगणारा बादशहाच्या सिंहासनाचं सांगत होता. आबांना महालातून गेलेला पाण्याचा संगमरवरी पाट दिसला. कोरडा.

"ह्याचं पाणी कुणी तोडलं?" आबांनी विचारलं.

"बादशहा तो गए, बाबा."

"मग त्यांची पोरं काय करत्यात?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले.

संध्याकाळी परतीची गाडी होती. सगळे किल्ल्याबाहेर टांग्यांत बसले, आबा नाहीत. सहलीचे मास्तर म्हणाले, आता थांबणार नाही. मी तणतणत आत गेले. हा माणूस पाटाशी उकिडवा बसून त्यातला पालापाचोळा काढत होता.

"आबा, उठा. गाडी चुकंल."

"चुकू द्या."

"घरी पोरं वाट बघत आसतील."

"न्हाय बघत. निघायच्या आधी वाटणी करून दिली. थोरला म्हणला, आता रानात यायचं न्हाय, बसून खायचं. खोरं काढून घेतलं माझं."

"मग खावा की बसून. नशीब लागतं."

"दिसभर किती खायचं, वयनी?"

मी म्हणाले, "आमच्या वांग्याला गेल्या गेल्या पाणी द्यायचंय. ह्यांचे गुडघे गेल्यात, सरीत पाणी वळवून दारं धरायला माणूस न्हाय. येताय का?"

आबा पाला काढतच राहिले. मग विचारलं, "सरी लांब हाय का आखूड?"

"लांब."

"मग पाणी दोन ठिकाणी फोडाय पायजे," म्हणाले आणि उठले.

टांग्यात बसल्यावर त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. "दिल्लीत धूळ लई," म्हणाले.

मी म्हणाले, "व्हय."

टांगा अजून हललाही नव्हता.