दगड चाखणारे केळुस्करकाका

केळुस्करकाका दगड चाटतात. बोलायची रीत म्हणून सांगत नाही. खरोखर, जीभ लावून. आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की पाण्याची वेळ आणि ही गोष्ट, एवढ्या दोन सूचना आम्ही पहिल्याच दिवशी देऊन टाकतो. एकदा एका लग्नात हॉलच्या पायरीचा टवका उडालेला दिसला. काका वाकले, खिशातून भिंग काढलं आणि टवक्याला जीभ लावली. समोरून वरपिता येत होते. मी घाईघाईने एका अनोळखी माणसाला नमस्कार केला.

"ओला केल्याशिवाय कण दिसत नाहीत रे सुहास," जिलबी मोडत काका नंतर म्हणाले. "पण फालतू निघाला. नुसता शोभेचा माल!"

काका तेलाच्या विहिरींवर नोकरीला होते. आसामपासून खंबायतपर्यंत कुठे कुठे खोलातून वर आलेला वाळूचा दगड त्यांच्यासमोर ठेवायचे आणि काका निकाल द्यायचे. ह्याच्यात तेल साठेल का, आणि साठलं तर बाहेर येईल का. मी पडलो कॉमर्सचा. जमिनीखाली तेलाचं तळं असतं अशी माझी समजूत.

"तळं कसलं, डोंबल! कणाकणांच्या फटींत असतं ते. कण एकसारखे असले की फटी मोकळ्या. बारीक-जाड मिसळ झाली की बारीक जाऊन फटीत बसतात. आणि चिकणमाती शिरली, की विषय संपला!"

निवृत्तीनंतर विहिरी सुटल्या, निकाल द्यायची सवय सुटली नाही. माझ्या बायकोचा रव्याचा लाडू फोडून, भिंगाखाली धरून ते म्हणाले, "कण एकसारखे. तूप आतपर्यंत गेलंय. उत्तम साठा!" ती दोन दिवस खूश होती. माझ्याविषयीचं त्यांचं मत तिला त्याहून आवडलं. "सुहास म्हणजे चिकणमाती. आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही."

काकांच्या दगडांनी निम्मी गॅलरी अडवली होती. काकू त्यातलाच एखादा उचलून लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून ठेवायच्या. एकदा काकांनी तसला तेलकट दगड हातात घेऊन आरडाओरडा केला, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दगडातनं तेल काढता ना? मी परत भरून ठेवते."

त्या काकू माघात गेल्या. झोपेतच.

मुलगी मेधा बंगलोरहून आली. मुलगा नसल्याने सगळं काकांनीच केलं. स्मशानात मडक्याला भोक पाडतात तो दगड, अश्मा, दहा दिवस जपायचा आणि दहाव्याला त्यावर गेलेल्या माणसासाठी दहाही दिवसांचं तिळाचं पाणी देऊन विसर्जित करायचा. काकांनी तो फडक्यात बांधून दाराबाहेर खिळ्याला अडकवला होता. नवव्या दिवशी फडक्याची गाठ सुटली आणि दगड खाली पडला. दुसऱ्या कुणाच्या दारात दगड दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं. मेधा ह्या दगडांतच वाढलेली. तिने गॅलरी झाडताना तो उचलला, धुतला आणि बाकीच्यांबरोबर घमेल्यात टाकला.

दहाव्याच्या सकाळी बाणगंगेला जायला टॅक्सी दारात आली, तेव्हा रिकामं फडकं सापडलं. मेधा रडायलाच लागली.

"अगं, काका आहेत ना!" मी म्हटलं. "ते डोळे मिटून ओळखतील."

काका घमेल्यापुढे बसले. एक दगड उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. भिंग खिशातच राहिलं.

"नाही सांगता येत."

"असं कसं, काका?"

"मी त्याच्याकडे बघितलंच नाही रे. मी हिच्याकडे बघत होतो."

मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नका. दुसरा कुठलाही घेऊन या. पहिल्या दिवसापासूनचं पाणी त्याच्यावरच देऊ."

"कुठलाही?" काका एकदम ताठ झाले. "कुठलाही कसा चालेल? मेधा, पळी-पंचपात्र आण."

आणि टॅक्सीवाला खाली हॉर्न मारत असताना काका एकेका दगडावर पळीने पाण्याचा थेंब सोडू लागले. "ह्याच्यावरून ओघळतंय. हिला पोचायचं कसं?... ह्यात चिकणमाती. वरच बसलं बघ." शेवटी कपाटातून त्यांनी एक पिवळसर दगड काढला. थेंब टेकला आणि दिसेनासा झाला. दुसरा सोडला, तोही गेला.

"बाबा, हा?" मेधा म्हणाली. "हा तर तुम्ही कुणाला हातसुद्धा लावू देत नाही!"

"ह्याच्याहून चांगला मला कधी मिळाला नाही," काका म्हणाले. "चला."

बाणगंगेच्या पायरीवर गुरुजी मंत्र म्हणत होते आणि काका ओंजळीने पाणी देत होते. तीळ वर राहायचे, पाणी आत जायचं. पहिल्या दिवसाचं झालं, दुसऱ्याचं झालं, दहाही झाले.

"झालं, काका," गुरुजी म्हणाले. "आता सोडा पाण्यात."

काकांनी दगडावर तळवा ठेवला.

"थांबा गुरुजी. अजून पितेय ती."

मागे माणसं खोळंबली होती. गुरुजींनी तांब्या पुन्हा भरला आणि काकांच्या ओंजळीवर धरला.