उशीतल्या कांड्या

किंमत कशी ठरवावी हे मला चांगलं कळतं. जालन्याच्या बाजारात भाजीवाली मला लांबून बघते आणि आधीच भाव उतरवते. शिवाय मी वाचते पुष्कळ, आणि घासाघीस या विषयावर सगळ्या पुस्तकांचं एकमत आहे: आपल्याला जे हवं असतं, त्याच्याकडे बघायचं नाही. तेव्हा बाबांच्या नाण्यांचा व्यवहार मीच करायचा, हे माझ्यापुरतं ठरलेलं होतं.

बाबा मंठ्याला एका बँकेत रोखपाल होते. कमळाचं चित्र असलेली पिवळीधमक वीस पैशांची नाणी नवी निघाली, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे भरून थोडी घरी आणली. पन्नास पन्नासची चवड रचली, बदामी कागदात गुंडाळली, खळ लावून चिकटवली. अशा पाच कांड्या झाल्या. प्रत्येकीच्या जोडावर त्यांनी सही केली. कांडी फोडली की सही फाटणार आणि चोरी कळणार, ही बँकेची रीत. पुढची तीस वर्षं त्या कांड्या त्यांच्या उशीत होत्या. बँकेवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ते बँकेत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाबा गेले. तेराव्याला गादी, उशी, छत्री, चपला असं सगळं बद्रीनाथ गुरुजींना दान दिलं. उशी उचलताना गुरुजी थोडे वाकले. "जड आहे," म्हणाले. त्या दिवशी सगळंच जड होतं. उशीतल्या कांड्या कोणाला आठवल्याच नाहीत.

आठवड्याने गुरुजी मान तिरकी धरून घरी आले.

"वहिनी, रोज मान दुखून राह्यली म्हणून उशी उसवून पाह्यली. आत चिल्लर निघाली."

आई म्हणाली, "दिलेलं परत घेऊ नये. त्यांना तिकडे उशी पोचायची नाही."

"नेमात बसतं. निष्क्रय द्या. म्हणजे वस्तूचं मोल दक्षिणा म्हणून द्यायचं. मंग दानही राह्यलं, अन् वस्तूही घरी आली."

"किती द्यायचं?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा, ताई. मी आकडा सांगितला तर ती विक्री झाली. मला पाप."

मला नाणी नको होती. मला त्या सह्या हव्या होत्या. पोट फुगलेला 'ज', मग घाईघाईत बाकीचं नाव, खाली एक रेघ आणि दोन टिंबं. बाबा पत्रं लिहीत नसत. त्यांच्या हातचं असं जगात एवढंच होतं. पण हे बोलून दाखवलं तर मोल वाढणार. आईलासुद्धा सांगितलं नाही. रविवारी एकटीच गुरुजींच्या घरी गेले.

"शंभर रुपये," मी म्हणाले. "नाणी बरी आहेत. कागद मात्र अगदीच गेलाय. सडका कागद."

गुरुजींनी मान हलवली. दुखत असूनही हलवली. हा माणूस ऐकलेलं विसरत नाही, हे मला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी म्हणाले, "एकाचा निरोप आल्ता. दोनशे म्हणतो. नाव सांगू नका म्हणला."

मी औरंगाबादच्या एका नाणेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, माणसाचा हात न लागलेली असतील तर बोलू. हात लागला की चिल्लर." म्हणजे गिऱ्हाईक जाणकार होतं. मी तीनशेवर गेले. निरोपवाला पाचशेवर गेला. त्यातच तिसरंच कोणीतरी सातशे घेऊन उगवलं.

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. "ताई, खरं सांगा. लोक म्हणायचे ह्या नाण्यात सोनं आहे. आहे का?"

"नाही."

"लई जल्दी न्हाई म्हणल्या तुम्ही."

मी एक हजार एक म्हणाले. माझ्या पगारातून ते कसे जातील याचा हिशेब परतीच्या एसटीत केला आणि जालना यायच्या आत सोडून दिला.

"पुढच्या रविवारी या," गुरुजी म्हणाले होते. "सगळ्यांनाच बोलावतो. देवासमोर बराबर होऊ द्या."

गेले तर दारात आईच्या चपला. शेजारी माझ्या धाकट्या भावाचे, केशवचे बूट. तो अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला. आत तो चहा पीत होता. आईजवळ तातेराव, बाबांच्या बँकेतले जुने शिपाई, भिंतीला टेकून बसले होते. गुरुजींच्या बायकोने, गिरिजाबाईंनी, माझ्या हातात रिवाजाप्रमाणे अंगाऱ्याची पुडी ठेवली. ती मी न बघता पर्समध्ये टाकली.

"तू इथे कसा?"

"सहज," केशव म्हणाला.

"अंकुशनगरहून सहज?"

"तू जालन्याहून कशी?"

आई म्हणाली, "तातेरावांचा मणका दुखतो. एकटे कसे येतील, म्हणून मी सोबत आले."

तातेरावांनी ताठ होत आलेला मणका चटकन वाकवला.

"म्हणजे पाचशे तू," मी केशवला म्हणाले.

"अन् सातशे वहिनींचे, तातेरावच्या तोंडून," गुरुजी म्हणाले. "एका घरची तीन माणसं एकमेकांवर चढून राह्यली. मी म्हणलं, सोनं न्हाई तर काय."

केशवने कप खाली ठेवला. "मला नाणी नको होती, ताई. बाबांची सही हवी होती."

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मलाही तीच."

मग गुरुजी आत गेले आणि पितळी परात घेऊन आले. परातीत अडीचशे नाणी मोकळी, देवघरातल्या समईसारखी लखलखत होती.

"एवढं मोल देता, मंग डागाळलेली कशी द्यायची? हिनं चिंच लावून घासली. दोन दिवस लागले."

"आणि कागद?" आम्ही तिघांनी एकदमच विचारलं.

गुरुजी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच म्हणल्या ना, सडका कागद."

आई आणि केशवही माझ्याकडे वळले. तातेरावसुद्धा.

गिरिजाबाई दारातून म्हणाल्या, "फेकला न्हाई हो. चांगला बदामी कागद, कोण फेकतं? कापून अंगाऱ्याच्या पुड्या बांधल्या. गावभर गेल्या. शेवटच्या तीन आज तुम्हालाच दिल्या."

आईने बटव्यातून पुडी काढली. तिच्यावर फुगलेल्या पोटाचा 'ज' होता. केशवच्या खिशातल्या पुडीवर मधली काही घाईची अक्षरं होती. दोघांनी अंगारा कपाळाला लावला आणि कागद गुडघ्यावर घासून सरळ केले.

"कागदाचे किती?" मी विचारलं.

"प्रसादाचे कोणी पैसे घेतं का?" गुरुजी म्हणाले. "मोल नाण्यांचं. अन् बोललेला निष्क्रय फिरवता येत न्हाई, ताई."

एक हजार एक मी मोजले. सोमवारी औरंगाबादला फोन केला. नाणेवाल्याने "चिंच?" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

नाणी मंठ्यालाच आहेत. घरी पूजा असली की आई विड्यावर त्यातलं एक ठेवते, आणि पूजा संपली की गुरुजी ते घेऊन जातात. निम्मी परातीत परत गेली असतील. घासलेली असल्यामुळे त्यांना आवडतात. त्यांची मानही आता सरळ झाली आहे.

माझ्या पुडीवर सहीखालची रेघ निघाली, आणि दोन टिंबं. तो कागद मी एका पुस्तकात ठेवला आहे. घासाघीस कशी करावी, यावरचंच पुस्तक आहे. ते आता उघडायचं काही कारण नसतं, तरी अधूनमधून उघडते.