चुकीच्या पद्धतीची नानकटाई

चिंतामणी कारखानीस हा माणूस वाईट नव्हता. त्याला सगळं समजत होतं, एवढाच काय तो त्याचा दोष. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो असिस्टंट स्टोअरकीपर होता. त्याच्या स्टोअरमध्ये एकदा गेलेली वस्तू सहसा बाहेर येत नसे. याला जर साठवण म्हणायचं असेल, तर कल्याणपासून कर्जतपर्यंत त्याच्या तोडीचा जाणकार नव्हता. (लोक स्क्रू मागायला येत आणि साठवणीवर व्याख्यान घेऊन परत जात. स्क्रू ते बाजारातून आणत.)

श्रावणातली एक ओलीचिंब संध्याकाळ. चिंतामणी कारखान्यातून आला, पाय धुतले, पाटावर बसला. बायकोनं, म्हणजे वृंदानं, चहाबरोबर बशीत दोन नानकटाया ठेवल्या. त्यानं एक उचलून मोडायला घेतली. ती मोडली नाही. वाकली.

"वृंदा, ही नानकटाई सादळलीय."

"पाऊस आहे. सगळंच सादळतंय. सकाळी तुमचे मोजे तव्यावर शेकून दिले, आठवतं ना?"

"मोज्यांचं सोड. हे बिस्किट आहे. बिस्किट कुरकुरीत पाहिजे."

"मला बाई अशीच बरी वाटते," आतून चिंतामणीची आई, माई, म्हणाली. माईच्या तोंडात आता खालचे तीन आणि वरचा एक असे दात उरले होते, आणि ते एकमेकांना भेटत नसत.

इथं एखाद्या साध्या माणसानं नानकटाई चहात बुडवली असती आणि विषय संपवला असता. पण चिंतामणीनं बशी बाजूला सारली आणि जाहीर केलं, "यापुढे या घरातली बिस्किटं मी साठवणार. शास्त्रीय पद्धतीनं."

"साठवा की," वृंदा म्हणाली. "मला एक काम कमी." आणि ती कणीक मळायला निघून गेली.

तिथंच हे प्रकरण मिटायचं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिंतामणी कॅन्टीनमध्ये चौघांना पकडून हवेतला दमटपणा आणि बिस्किट यांचं वैर समजावून सांगत होता, तेव्हा मागून वर्क्स मॅनेजर धुरंधरसाहेब जात होते. ते थांबले. साहेबांच्या मंडळी कारखान्याच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या आणि त्या वेळी मोठ्या अडचणीत होत्या. मंडळाच्या सभेत 'आदर्श माता' या विषयावर ज्या बाई बोलणार होत्या, त्या मुलांना कंटाळून माहेरी निघून गेल्या होत्या.

"कारखानीस," साहेब म्हणाले, "अन्नाची नासाडी हा राष्ट्रीय प्रश्न आहे. तुम्ही बोला आमच्या मंडळात. प्रात्यक्षिकासह. मी स्वतः येईन."

चिंतामणीच्या अंगावर काटा आला. कारण हेड स्टोअरकीपर दिवाळीत रिटायर होणार होते, आणि त्यांची ती वेताची खुर्ची चिंतामणीला स्वप्नात दिसत असे. (रिकामी नव्हे. स्वतः बसलेला.)

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली तेव्हा वृंदा चमकलीच. कॉलनीत येऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथल्या बायका तिला 'कारखानीसांची मिसेस' म्हणत. नळावर, देवळात, हळदीकुंकवाला, सगळीकडे मिसेस. आता त्या सगळ्यांसमोर तिच्या हातची नानकटाई मांडली जाणार होती. तिनं गौरींसाठी राखून ठेवलेलं साजूक तूप काढलं. माई बघत राहिली. तूप, साखर फेसून फेसून वृंदाचा हात दुखला, तरी तिनं तो थांबवला नाही.

रविवारी दोघं टांग्यानं उल्हासनगरला, कॅम्पातल्या लोकूमलच्या बेकरीत गेली. लष्कराच्या जुन्या बराकीत त्याची भट्टी होती. आपलं सामान न्यायचं, तिथंच गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, आणि तो भाजून द्यायचा. वृंदानं गोळे वळले, प्रत्येकाच्या डोक्यावर वेलदोड्याचा दाणा दाबला. भट्टीतून पत्रे बाहेर आले तेव्हा आजूबाजूच्या बराकींतल्या बायका दारात येऊन नाक वर करून उभ्या राहिल्या.

चिंतामणीनं पिशवीतून वनस्पती तुपाचा मोठा डबा काढला. घासूनपुसून लख्ख. आणि सांडशीनं धगधगत्या नानकटाया उचलून भराभर त्यात रचायला लागला.

"अहो, गार तर होऊ द्या!" वृंदा ओरडली.

"गार झाली की ताजेपणा गेला. ताजेपणा म्हणजे काय? ही ऊब. ती आतच कोंडली पाहिजे."

"वाफ धरेल ना!"

"वृंदा, स्टोअर कोण सांभाळतं? तू की मी?"

वृंदानं लोकूमलकडे पाहिलं. लोकूमलनं खांदे उडवले. "डब्बा साईंका, माल साईंका. अपुन तो सिर्फ भट्टीवाला है."

चिंतामणीनं झाकण दाबून बसवलं आणि बरोबर आणलेलं मेण वितळवून झाकणाभोवती असं ओतलं की मुंगीलासुद्धा अर्ज करून आत जावं लागलं असतं. पण डब्यात निम्मीच नानकटाई मावली. उरलेली पत्र्यावर तशीच पडून होती. वृंदानं ती तिथंच गार होऊ दिली, घरी आणली, माईच्या पितळी डब्यात तळाशी कागद घालून भरली, घट्ट झाकण लावलं आणि चुलीवरच्या फळीवर ठेवून दिली.

त्या डब्याकडे पाहून चिंतामणीला एक नामी कल्पना सुचली. व्याख्यानात तुलना पाहिजे! एकीकडे त्याचा डबा, दुसरीकडे हा. हा पावसात सादळणार म्हणजे सादळणारच. बायकांना फरक डोळ्यांनी दिसेल. त्यानं वृंदाला फक्त "दोन्ही डबे न्यायचेत, तोवर कुणी उघडायचे नाहीत" एवढंच सांगितलं. तिला वाटलं, पितळी डबा व्याख्यानानंतरच्या चहासाठी. तिनं तो राखेनं घासून सोन्यासारखा केला.

सभेच्या दिवसापर्यंत त्या घरात मेणबंद डब्याचा थाट देवघरापेक्षा मोठा होता. चिंतामणी कामावर जाताना त्याच्यावर हात ठेवून जाई आणि आल्यावर आधी डबा बघे, मग आई. बदलापूर गावाहून मामा आले तेव्हा त्यांना नुसत्या चहावर लावून दिलं. मामा दारात जोडे घालता घालता माईला म्हणाले, "ताई, चिंतूचं कारखान्यात ठीक चाललंय ना?"

सभा होती क्लबच्या हॉलमध्ये. कॉलनीतल्या यच्चयावत बायका आल्या होत्या. पुढच्या रांगेत धुरंधरसाहेब, धुरंधरबाई, आणि साहेब येणार म्हटल्यावर स्त्रियांच्या प्रश्नांबद्दल एकाएकी आस्था वाटू लागलेले हेडक्लार्क आणि दोन सुपरवायझर. वृंदा ठेवणीतली इरकली नेसून तिसऱ्या रांगेत माईशेजारी बसली होती. शेजारणी तिला म्हणत होत्या, "आज काय बाई, तुमचाच दिवस."

टेबलावरचं फडकं निघालं. दोन डबे. एकावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती, 'शास्त्रीय पद्धत'. आणि माईच्या पितळी डब्यावर, 'चुकीची पद्धत'.

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणीतरी मागून म्हणालं, "चुकीची म्हणजे मिसेसची वाटतं!" वृंदाचे कान लाल झाले. तिनं पदर घट्ट ओढून घेतला आणि समोर भिंतीकडे बघत राहिली. माईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि पुटपुटली, "माझा डबा आहे गं तो. मला विचारायचं तरी."

चिंतामणी बोलला. खूप बोलला. मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. देशाला धरणं हवीत, पोलाद हवं, पण त्याचबरोबर कुरकुरीत बिस्किट हवं, असं त्यानं टाळ्यांच्या गजरात सांगितलं. (टाळ्या हेडक्लार्कनं सुरू केल्या. साहेबांची मान हलली होती.) मग त्यानं चाकूनं मेण कापलं, झाकण उचकटलं, आणि आत न बघताच पहिली नानकटाई दोन बोटांत धरून सभेला दाखवली.

नानकटाई पांढरी होती. तिला चांगली लव फुटली होती, तान्ह्या कोकरासारखी.

चिंतामणीनं ती पाहिली. डब्यात पाहिलं. आत सगळा कळपच होता.

"ओहो!" पुढच्या रांगेतून धुरंधरसाहेब म्हणाले. साहेबांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नसे, आणि चष्मा लावला की ते म्हातारे दिसत, म्हणून तो खिशात असे. "वरून खोबऱ्याचा कीस! वा, कारखानीस!"

"खोबरंच," हेडक्लार्क तत्काळ म्हणाला.

"आणि काय ताजं!" पहिला सुपरवायझर म्हणाला.

"अलिबागकडचं असणार," दुसऱ्यानं भर घातली. "आपल्याकडे एवढा पांढरा कीस पडत नाही."

आता चिंतामणीला खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. पण त्या क्षणी त्याला वेताची खुर्ची दिसली. "होय साहेब," तो म्हणाला, "खोबरं."

"बघू तरी," म्हणत धुरंधरबाई उठल्या, टेबलाशी आल्या आणि त्यांनी डब्यातून एक उचलली. ती तोंडाकडे निघाली. चिंतामणीला घाम फुटला. साहेबांची बायको आपल्या डब्यातली बुरशी खाणार!

"बाई, थांबा!" तो ओरडला. "आधी प्रयोग करणाऱ्यानं खायची, असा... असा नियम आहे."

आणि हातातली नानकटाई त्यानं तोंडात घातली. ती तोंडात गेली आणि तिथं नुसती बसून राहिली. जुन्या पुस्तकाची पानं दुधात भिजवली तर जी चव येईल, ती चव.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम," चिंतामणी म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"आनंदाश्रू!" हेडक्लार्कनं शेजाऱ्याला सांगितलं.

"मग मलाही पाहू द्या," म्हणून बाईंनी हात पुन्हा वर नेला. चिंतामणीनं त्यांच्या हातातली घेतली आणि तीही खाल्ली. बाईंनी तिसरी घेतली. त्यानं तीही खाल्ली. बाईंचा चेहरा आता बदलायला लागला होता. मंडळाच्या अध्यक्षेच्या हातातला घास हिसकावून खाणारा वक्ता त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी डबाच आपल्याकडे ओढला.

तिसऱ्या रांगेतून वृंदा उठली. तिचा आवाज कापत होता, पण हॉलभर ऐकू गेला.

"बाई, ठेवा ती खाली. ते खोबरं नाही. बुरशी आहे. आणि अहो, तुम्हीही आता पुरे करा. मराल की!"

धुरंधरसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, नानकटाईकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा खिशात ठेवला.

"खोबरं म्हणालं कोण?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

हेडक्लार्क छताकडे बघायला लागला. एका सुपरवायझरला बुटाची नाडी सापडली. दुसऱ्याच्या बुटाला नाडी नव्हती, तरी तो वाकला. चिंतामणी काही बोलू शकला नाही, कारण तिसरी नानकटाई अजून टाळूला चिकटलेली होती.

धुरंधरबाईंनी हात पुसले आणि दुसऱ्या डब्याकडे बोट केलं. "आणि यात काय आहे?"

चिंतामणीनं महत्प्रयासानं गिळलं. "ती... ती चुकीची आहे, बाई."

बाईंनी चुकीच्या पद्धतीचं झाकण उघडलं. हॉलभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास सुटला. बाईंनी एक नानकटाई दातांखाली धरली, आणि जो आवाज झाला, तो तिसऱ्या रांगेतल्या, ऐकू कमीच येणाऱ्या माईलासुद्धा ऐकू आला.

"कुणी केली?"

"मी," वृंदा म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

"वृंदा."

"वृंदाबाई, या इथं वर. कशी ठेवलीत सांगा सगळ्यांना."

वृंदा वर गेली. मोहेंजोदडोचं तिला काही माहीत नव्हतं. "पूर्ण गार होऊ द्यायची," ती म्हणाली. "डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं. सारखं उघडून बघायचं नाही. एवढंच." मग जरा थांबून नवऱ्याकडे न बघता तिनं 'चुकीची पद्धत' ही चिठ्ठी सोलून काढली, तिची घडी केली आणि त्याच्या कोटाच्या खिशात ठेवली. टाळ्या पडल्या. या वेळी हेडक्लार्कनं सुरू करायची गरज पडली नाही. डबा रांगांमधून फिरला आणि रिकामा होऊन परत आला. जाताना चार बायकांनी वृंदाला दिवाळीसाठी नानकटाई करून द्याल का म्हणून विचारलं, आणि चौघींनीही तिला नावानं हाक मारली.

चिंतामणी हे बघायला नव्हता. तो हॉलच्या मागच्या बाजूला, पेरूच्या झाडाला धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. पोटात नुसत्या कळा येत होत्या. माईनं ओवा दिला, हिंग लावला, काही उपाय चालेना, तेव्हा वृंदानं कॅम्पातून डॉक्टर गिडवानींना बोलावलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, काय खाल्लं विचारलं. वृंदानं सांगितलं. डॉक्टरांना हसू आवरत नव्हतं.

"डरने का नहीं. दो दिन सिर्फ चावल की पेज. पतली."

डॉक्टर घरी आलेले, म्हणून वृंदानं चहा टाकला आणि बशीत तीन नानकटाया ठेवल्या. पहाटेच बेकरीत जाऊन तिनं दिवाळीच्या ऑर्डरचा नमुना भाजून आणला होता. डॉक्टरांनी एक खाल्ली, मग दुसरी. तिसरी खाऊन बोटांवरची पूडसुद्धा झटकली नाही, चाटली. चिंतामणी गादीवरून बघत होता.

"वाह बहनजी, इस बारिश में इतनी खस्ता!" डॉक्टर म्हणाले. "हमारे घर में तो एक दिन नहीं टिकती. रखने का तरीका क्या है?"

उशीवरचं डोकं वर झालं. चेहऱ्यावर जरा रंग आला. एक हात पांघरुणाबाहेर निघाला आणि बोट उभं राहिलं.

"त्याचं काय आहे, डॉक्टर," चिंतामणी क्षीण पण अधिकारी आवाजात म्हणाला, "साठवणीमध्ये मुख्य गोष्ट म्हणजे—"

वृंदानं पेजेचा चमचा त्याच्या तोंडात घातला.