लाल पक्षाचे तात्या

आमच्या निमगाव केतकीत कॉम्प्युटरचं एकच दुकान, तात्यांचं. गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारतात, "लाल का निळी?" निळी म्हटलं, तर बारामतीची एसटी किती वाजता आहे ते सांगतात.

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्या; त्यांना ही नावं तात्यांनीच पाडलेली. माझं औषधांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे हा वाद मला तोंडपाठ आहे. प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणारे भाग म्हणजे कोअर. निळीनं एकाच चिपमध्ये काही दांडगे आणि बरेच लहान कोअर बसवले. हलकी कामं लहानांनी उरकायची. लालचे कोअर सगळे सारखे. "एका गाडीला बैल अन् वासरू जुंपतंय का कुणी?" असं तात्या उसाचं बिल ऑनलाइन बघून घ्यायला आलेल्यालाही विचारत.

त्यांना उलटं बोलणारी एकटी त्यांची मुलगी, ऋतुजा. इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आली की ती निळीची बाजू घ्यायची. वीज कमी लागते, बॅटरी टिकते, म्हणायची. ताटातलं जेवण गार व्हायचं, पण तात्या हटायचे नाहीत.

मग तिला बंगळुरूत नोकरी लागली. काम चिपच्या आराखड्याचं, कंपनी निळी. तिनं वडिलांना सांगितलंच नाही. परस्पर नकार कळवायचं ठरवलं. तिची आई, आमच्या वहिनी, रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा शेवटी मीच तात्यांच्या कानावर घातलं.

भर बाजाराच्या दिवशी त्यांनी शटर ओढलं आणि तडक घर गाठलं. काही वाकडं होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेलो. तात्यांनी ऋतुजाला समोर बसवलं आणि कुठलं काम कुठल्या कोअरकडं जायचं हे ठरतं कसं, ते विचारलं. ती चौकोन काढून समजावत राहिली. तात्या पहिल्यांदाच मधे बोलले नाहीत.

"पटलं का?" तिनं विचारलं.

"न्हाय," तात्या म्हणाले. "पर तू जायचं. अन् काम चोख करायचं. गाठ आमच्याशी हाय."

ती निघाली त्या दिवशी स्टँडवर मीही होतो. बॅग वर ठेवून तात्या खाली उतरले, खिडकीपाशी उभे राहिले. गाडी सुरू झाली तसे गजाला हात लावून हळूच म्हणाले, "रोज फोन करत जा. हितं माझ्याशी भांडायला कुणी न्हाय, पोरी."